चार बोटं खाली

कॉलेजात माझ्या करड्यावरच्या करड्याला
पहिलं बक्षीस मिळालं होतं.
बारीक, उपाशी अक्षरं
कागदाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली.
सर म्हणाले, काय संयम आहे!
मलाही तसंच वाटलं.

मग पुण्याहून तीन नकार,
आणि सातपूरला पाट्यांच्या कारखान्यात नोकरी.
‘उधार बंद’पासून ‘धोका ४४० व्होल्ट’पर्यंत
दिवसाला अकरा पाट्या, चहा दोनदा.

दवाखान्याचं काम आलं
तेव्हा तो संयम मी पुन्हा बाहेर काढला.
करडी भिंत, करडी पाटी,
तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत.
शेवटचा स्क्रू बसला त्या दुपारी
इंदुमती पगार, वय एकाहत्तर, काचबिंदू,
दिंडोरीहून पहिल्या एसटीनं आलेल्या,
पाटीसमोर थांबून म्हणाल्या,
‘बाई, ही नुसती भिंत आहे, का काही लिहिलंय?’

मी वाचून दाखवलं.
‘असं होय. मग तू रोज इथंच उभी असतेस का?’

टोमणा नव्हता तो.
उद्या पुन्हा यायचं होतं त्यांना.

त्या रात्री झोप लागली, खोटं कशाला बोलू.
सकाळी मात्र बक्षिसाचं चित्र
खोलीच्या पार टोकाला ठेवलं
आणि दुधाची रिकामी पिशवी डोळ्यांवर धरून बघितलं.
फ्रेम दिसली.

मालक म्हणाले, बिल निघालंय, तुझं काय अडलंय?
माझं काय अडलंय ते मलाही
नीट सांगता आलं नाही.
दोन महिन्यांचा पगार कापून घ्या म्हटलं,
त्यांनी घेतला.

पत्र्यात अक्षर उठवायला शिकले
तांबट आळीत, गोवर्धन तांबटांकडे.
चाळीस वर्षं हातोडीखाली राहून
त्यांचे कान केव्हाच निवृत्त झालेले.
मी पत्र्यावर वाकून प्रश्न विचारत होते,
ते ठोके मारत होते.
चौथ्या प्रश्नाला हातोडी ठेवली आणि म्हणाले,
‘पोरी, तोंड इकडं करून बोल.’

तीन वर्षांच्या डिप्लोम्यात
हे एक वाक्य कुठंच नव्हतं.

पाट्या बदलल्या. पिवळ्यावर काळं,
बोटाला लागेल असं ठसठशीत.
लिफ्टच्या बटणांभोवतीसुद्धा तांब्याची कड.
मी लांब उभी राहून स्वतःवर खूश,
तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतल्या निहाल शेखनं,
इयत्ता सातवी, हात वर केला,
अजून वर केला,
आणि सभ्यपणे म्हणाला,
‘ताई, मस्त झालंय. दाबता का जरा?’

माझ्या खांद्याच्या मापानं
मी सगळं टांगलं होतं.

किती खाली घ्यायचं ते त्याच्याच हातानं मोजलं.
चार बोटं.
इलेक्ट्रिशियन म्हणाला, चार बोटांसाठी भिंत फोडायची?
हो. आणि त्याचं बिल वेगळं आलं.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर.
नोकरी सोडलीस, मग आता करतेस काय नेमकं?
मी पहिल्या स्वतंत्र कामाची पाचशेची नोट
त्यांच्या हातात ठेवली, डोळे मिटायला लावले.
अंगठा कडेवर गेला, थांबला.
‘पाच रेघा,’ ते म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही.
‘शेवटची चार वर्षं रोज तपासल्या गं.
कशाला असतात, विचारलंच नाही कधी.’
नोट त्यांनी परत दिली नाही.

सध्या महिन्याला दोन कामं,
त्यातलं एक उधारीवर.
माझं व्हिजिटिंग कार्ड बघून मावसभाऊ म्हणतो,
लग्नाच्या मांडवाचा फलक वाटतो.
वाचलंस ना पण, मी म्हणते.

दवाखान्यात अधूनमधून चक्कर असते.
उठावाच्या अक्षरांवर, नेमकं तिथंच,
कुणीतरी कागद चिकटवून ठेवतं:
‘कृपया हात लावू नये.’
नखानं कोपरा उचकटून
मी तो काढते.
पुढच्या वेळी पुन्हा असतो.